सातवा धडा

1 सप्टेंबर 2025, सोमवार
गौरीजेवण. पाहुणे गेल्यावर माझा व्हिडिओ अभ्यासक्रम उघडला. बिल्टी, चलान, ई-वे बिल, भाड्यावरचा जीएसटी. शिकणारे बहुतेक ट्रान्सपोर्ट ऑफिसातले कारकून, काही ट्रकमालकांच्या मुली-सुना.
3 आणि 4 तारखेला दिल्लीत जीएसटी परिषद. 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जाणार, असे कळंबोलीच्या लोखंड बाजारात जो तो बोलतोय.

3 सप्टेंबर
परिषद एका दिवसातच आटोपली. रात्री उशिरा बातमी. 5 आणि 18 हे दोन मुख्य टप्पे, 22 तारखेपासून. इनपुट टॅक्स क्रेडिट घेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भाड्यावरचा दर 12 वरून 18 वर. क्रेडिट न घेणाऱ्यांचा 5 तसाच. म्हणजे भाड्याच्या दराचा सातवा धडा बदलणार.
झोप नाही.

4 सप्टेंबर
सकाळपासून फोन. "ताई, व्हिडिओ बदला ना, सगळ्यांनी टाकले."
बदलणार नाही. घोषणा झाली, अधिसूचना नाही. 21 च्या रात्रीपर्यंत 12 च लागू. आज 18 शिकवले तर उद्या सकाळी कुणाचे तरी बिल चुकेल.
धड्याच्या वर पट्टी लावली : 'हा दर 21 सप्टेंबरपर्यंत. नवा धडा अधिसूचनेनंतर.' सध्या एवढेच.

6 सप्टेंबर
अनंत चतुर्दशी. काम नाही.

8 सप्टेंबर
पितृपक्ष लागला. बाजार थंड. सळई, पत्रा, अँगल सगळे 18 त होते, 18 तच राहिले, तरी गिऱ्हाईक थांबलेय. ट्रक 28 वरून 18 वर येणार, त्यामुळे नवी गाडी घेणारेही 22 ची वाट बघतायत.
ट्रक टर्मिनलजवळच्या एका ऑफिसात गेले होते. टेबलाच्या काचेखाली ई-वे बिलाच्या नियमांचा कागद. पिवळा पडलेला, कोपऱ्यावर चहाचा डाग, कुठल्या तरी जुन्या क्लासच्या नोट्सची झेरॉक्स. मुदत : 100 किलोमीटरला एक दिवस. 1 जानेवारी 2021 पासून ते 200 आहे. पोरगा नवा, महिनाभरापूर्वी लागलेला. तो काचेखालचेच वाचणार. कागदावर तारीख कुठेच नाही.
घरी येईपर्यंत तोच कागद डोळ्यांसमोर.

10 सप्टेंबर
सगळे धडे पुन्हा ऐकले. नासणारे आणि टिकणारे वेगळे काढले. बिल्टी कशी भरायची, गाडी बदलली की ई-वे बिलाचा पार्ट-बी कसा बदलायचा, कर भरायची जबाबदारी कुणाची हे बिल्टीवर कुठे लिहायचे, हे टिकते. दर, मर्यादा, मुदती नासतात. आणि त्याच नेमक्या आवाजात बोललेल्या. आकडा आवाजात असला की अख्खा धडा पुन्हा रेकॉर्ड करावा लागतो. यापुढे आवाजात फक्त 'तक्त्यात दिलेला दर'. आकडे तक्त्यात, तक्त्यावर तारीख.

12 सप्टेंबर
मुनीमकाकांकडे. हयात लोखंड बाजारात गेलेली, आधी कर्नाक बंदर, मग इथे. म्हणाले, "दर पाठ होतात गं. दर बदलतो त्या आठवड्यात काय करायचं ते कुणी शिकवत नाही."

15 सप्टेंबर
जालन्याची एक विद्यार्थिनी : "मॅडम, गाडी 19 ला पोचणार, बिल 24 ला काढणार, पैसे दिवाळीत येणार. 12 की 18?"
काका म्हणाले तोच प्रश्न. उत्तर : सीजीएसटी कायद्याचे कलम 14. सेवा, बिल, पैसे. तिघांतले दोन ज्या बाजूला पडतील त्या बाजूचा दर. तिचे दोन 22 नंतरचे, म्हणून 18. बिल 20 लाच काढले तर 12.
हे अभ्यासक्रमात नव्हतेच. नवा धडा हाच हवा. दर पुन्हा बदलेल, हे टिकेल.

17 सप्टेंबर
अधिसूचना आली. दोनदा वाचली. तक्ता भरला, बाजूला अधिसूचनेची तारीख.

19 सप्टेंबर
दिवसा रेकॉर्डिंग होत नाही, कळंबोली सर्कलचे हॉर्न. रात्री बसले.
जुना सातवा धडा काढून टाकावा का? नाही. खात्याची नोटीस मागच्या वर्षांच्या बिलांवर येते, तेव्हा तेव्हाचाच दर लागतो. 'जुने दर' असा वेगळा कप्पा केला. कधीपासून कधीपर्यंत, ठळक अक्षरांत.

21 सप्टेंबर
सर्वपित्री. ज्यांचा अभ्यासक्रम संपलाय, प्रमाणपत्रही मिळालेय, त्यांना निरोप कोण देणार? सगळ्यांना तीन ओळी पाठवल्या : काय बदलले, कधीपासून, कुठला धडा पुन्हा बघायचा. तोंडात 12 बसलाय तो त्यांच्याच. नव्यांची मला काळजी नाही.

22 सप्टेंबर
घटस्थापना. सकाळीच फोन. गाडी वाटेत, ई-वे बिल 20 चे, रद्द करून नवे काढायचे का? नाही. मुदतीपर्यंत तेच चालते, खात्याने खुलासा केलाय. हेही धड्यात घातले.

24 सप्टेंबर
कलम 14 च्या धड्यात बरेच जण एकाच ठिकाणी मागे जाऊन पुन्हा बघतायत. आगाऊ पैसे आले असतील तर, तिथे. कायदा बरोबर आहे, माझी मांडणी अवघड जातेय. उदाहरण वाढवते. हाही बदलच, त्याला अधिसूचना लागत नाही.

26 सप्टेंबर
वहीत लिहून ठेवले : पुढची तपासणी 1 जानेवारी, मग 1 एप्रिल. बरेच बदल याच तारखांना येतात. ई-वे बिल 180 दिवसांपेक्षा जुन्या बिलावर निघत नाही, हा नियम यंदाच्या 1 जानेवारीचा. मधे अधिसूचना आली तर त्याच दिवशी.
टर्मिनलजवळच्या त्या पोराला नवा तक्ता दिला, जुना कागद काढायला लावला. कुणाच्या टेबलावर तारीख नसलेला कागद असेल तर आजच काढा.