पैसे देण्याआधी

आमची एक जुनी विद्यार्थिनी उल्हासनगरच्या दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी संपवून लोकलने बदलापूरला घरी जाते आणि ‘नीट’चा अभ्यास करते. परवा वाटेत अंबरनाथला उतरून आमच्याकडे आली.

“टीचर, संशोधनाचा अनुभव नसेल तर डॉक्टरकीला प्रवेश नाही म्हणे. एक जण 20 हजारांत शोधनिबंधावर नाव घालून देतोय.” पैसे अम्मीने तिच्या लग्नासाठी जमवलेले.

आम्ही तिला थांबवलं. अमेरिकेत असा अनुभव पाहतात. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’च्या 720 पैकी मिळालेल्या गुणांवर ठरतो. कमाल वयाची अटही 2022 मध्ये निघाली. पेपर मराठीत, उर्दूतही देता येतो.

“मग संशोधन विसरू?”

विसरू नकोस, म्हटलं. फ्लोरेन्स नाइटिंगेल नर्सच होत्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. तुझ्या वॉर्डात बेडसोअर कोणाला होतात, कूस किती वेळा बदलली जाते, हे रीतसर परवानगी घेऊन, पेशंटचं नाव न लिहिता नोंदव. ते खरं संशोधन.

पैसे तिने अम्मीला परत दिले. घरात अशी मुलगी असेल, तर कोणाला पैसे देण्याआधी परीक्षेची माहितीपुस्तिका तिच्यासोबत बसून वाचा.