डोळा लाल झाला, तो कमरेमुळे

फजरला अंथरुणातून उठायला मला अर्धा तास लागू लागला, तेव्हा माझे वय २६ होते. कंबर लाकडासारखी ताठ. वुजू करून थोडे चाललो की सैल व्हायची, पडून राहिलो की पुन्हा आखडायची. साधी कंबरदुखी आरामाने बरी होते, ही उलटी. याच खुणेवरून संधिवाताच्या डॉक्टरांनी एमआरआय आणि एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी करून घेतली. निदान झाले, अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस.

त्यांनी तेव्हाच बजावले होते, "एक डोळा लाल होऊन दुखला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा." कमरेचा डोळ्याशी काय संबंध, असे अम्मीला वाटले. पण या आजारात साधारण चारांतल्या एकाला कधी ना कधी डोळ्याच्या आत सूज येते. तिला युव्हायटिस म्हणतात.

गेल्या शाबानमध्ये माझा उजवा डोळा लाल झाला. शेजारच्या खाला म्हणाल्या, "डोळे आलेत, गुलाबपाणी टाक." डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, खाज सुटते. इथे घाण नव्हती. आतून ठणका, अंधुक नजर, आणि खिडकीतला उजेडही सोसेना. अशा वेळी उशीर झाला तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते, डोळ्यातला दाब वाढू शकतो, नजरही जाऊ शकते. मी त्याच दुपारी गेलो. स्टेरॉइडचे थेंब दर तासाला, शिवाय बाहुली मोठी करणारे वेगळे थेंब मिळाले. लाली गेली म्हणून ते एकदम थांबवायचे नसतात, डॉक्टर सांगतील तसे कमी करायचे.

रमजान लागला तेव्हा थेंब चालूच होते. बहुतेक उलेमांच्या मते डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही. आमच्या इमामसाहेबांनीही तेच सांगितले. न विचारताच औषध बंद करणाऱ्यांचा मला राग येतो.

डोळा वाचला, अल्हम्दुलिल्लाह. खुब्याचे तसे नाही. तो झिजत चालला आहे. म्हणून कियाम उभ्याने करतो, सजद्याला खुर्चीवर बसतो. "जवान माणूस आणि खुर्ची?" असे मशिदीत ऐकावे लागते. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर, ही सवलत दीनने आजाऱ्याला दिली आहे, म्हाताऱ्यालाच नव्हे.

धाकटा भाऊ २१ वर्षांचा आहे. तीन महिने झाले, सकाळी त्याची टाच दुखते, कंबर आखडते, कॉलेजला चालत गेला की मोकळी होते. अम्मी म्हणते, नवे बूट घे. गुरुवारी त्याला माझ्याच डॉक्टरांकडे नेतो आहे.