पाण्यावरचा पाहुणचार

‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण आपल्या घरांतून अजूनही ऐकू येते. ती यजमानाच्या सोयीसाठी रचली गेली असावी, असा आमचा बरीच वर्षे समज होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला, मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या एका शिडाच्या नौकेवर आम्ही सपत्नीक तीन दिवस पाहुणे म्हणून राहिलो, तेव्हा त्या म्हणीचा निराळाच अर्थ ध्यानी आला.

वास्तविक सुरतेच्या माणसाला जहाजांचे अप्रूप नसावे. मोगल काळात मोठी गलबते सुवालीच्या किनाऱ्यापाशी नांगरत आणि त्यांवरील माल लहान होड्यांतून तापीच्या पात्राने शहरात येई, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. आपल्या नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ उपक्रमाचे जनक व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांचा जन्मही १९२७ साली सुरतेतच झाला, हे सांगताना तर आमची मान थोडी ताठ होते. त्यांच्या प्रेरणेने कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ या नौकेतून एकटेच निघाले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. ही ५६ फुटी नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. मांडवी नदीला वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात. त्या नदीचेच नाव नौकेला दिले आहे.

हे सारे आमचे ज्ञान अर्थातच पुस्तकी होते. आमचा एक बालमित्र मात्र व्यापारी जहाजांवर पंचवीस वर्षे इंजिनिअर म्हणून काढून निवृत्त झाला, त्याने एक ३४ फुटी जुनी नौका विकत घेतली आणि वर्षातील काही महिने तो पत्नीसह तीवरच राहू लागला. त्याचे आमंत्रण आले, तेव्हा पत्राच्या शेवटी एक ओळ होती : ‘सामान मऊ पिशवीत आणावे, पेटी आणू नये.’ आम्ही चाकांची मोठी पेटी नेली. मुख्याध्यापकाने पिशवी खांद्यास लावून प्रवास करावा, हे काही आमच्या मनास पटेना.

पणजीच्या समोरच्या तीरावर धक्क्याशी मित्र आपली लहान रबरी होडी घेऊन उभा होता. आम्ही सुरतेहून मुद्दाम नेलेला घारीचा पुडा वहिनींच्या हाती दिला. त्यांनी घारी एका डब्यात काढून घेतली आणि तो देखणा पुठ्ठ्याचा खोका तेथेच कचऱ्याच्या पिंपात टाकला. “भावजी, रागावू नका हं. पुठ्ठ्यातून झुरळांची अंडी येतात. एकदा का झुरळं बोटीत शिरली, की घालवता येत नाहीत.” आम्ही हसलो खरे, पण मनात काटा रुतलाच. पुढे पेटीला ठेवायला जागा मिळेना, तेव्हा ती आमच्याच बिछान्यावर आमच्या पायांशी झोपली आणि आम्ही तीन रात्री गुडघे पोटाशी घेऊन काढल्या.

नौकेवरील संसार म्हणजे शिस्तीचा वस्तुपाठ. शेगडी अशी टांगलेली, की नौका कलली तरी पातेले सरळ राहावे. वीज सूर्याच्या उन्हावर, शौचकूप हातपंपावर आणि गोडे पाणी टाकीत असेल तेवढेच, ३०० लिटर. चोहीकडे पाणी पसरलेले, आणि अंघोळीला दोन तांबे! मित्राने हे नियम पहिल्याच संध्याकाळी समजावून सांगितले. आम्ही मान डोलावली, पण आयुष्यभर दुसऱ्यांना नियम सांगणाऱ्या माणसाचे कान असे प्रसंगी अर्धेच उघडे असतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दाढी केली आणि नळ पुरता बंद केला नाही. टाकीतील पाणी वर ओढणारा छोटा पंप घरघरत राहिला. नौकेचाच हा काही आवाज असावा, असे समजून आम्ही वर जाऊन सूर्योदय पाहत बसलो. तासाभराने वहिनी चहाला पाणी घेऊ लागल्या, तो नळाला फक्त वारा!

मित्राने विचारले नाही, की कोणी केले. वहिनींनी सौ.कडे पाहिलेही नाही. त्याने वीस लिटरचे चार कॅन होडीत टाकले आणि मला म्हणाला, “चल मास्तर, एक वल्हं तू घे. बोटीवर पाहुणा पहिल्या दिवसापुरताच. दुसऱ्या दिवसापासून खलाशी.” ओहोटीची ओढ आमच्या विरुद्ध होती. तीन खेपा झाल्या, तोवर आमच्या तळहातांना फोड आले होते. पण त्या फोडांहून दुसरेच काही तरी अधिक झोंबत होते, आणि ते काय, हे सांगण्यासाठीच हा लेख.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हा आम्ही अडाजणला पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. जिन्याच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली गेल्या आणि आमचे घर जणू नांगरलेले जहाज झाले. तळमजल्यावरील व शेजारची मिळून अकरा माणसे आमच्याकडे चार दिवस होती. गच्चीवरील टाकीचे पाणी आम्ही पेल्याने मोजून वाटले. ते योग्यच होते आणि त्याबद्दल पुढे आमची वाहवाही झाली. पण एक पितळी हंडा आम्ही पलंगाखाली भरून, झाकून ठेवला होता, केवळ आपल्या मुलांसाठी. तिसऱ्या रात्री खालच्या मजल्यावरील वृद्ध बा गोळी घेण्यासाठी घोटभर पाणी मागू लागल्या. “आता सकाळी,” आम्ही म्हणालो. बा काही न बोलता गोळी पदराच्या टोकाला बांधून भिंतीला टेकून बसल्या. तो हंडा सौ.खेरीज कोणाला ठाऊक नव्हता. बा आता हयात नाहीत.

त्या रात्री केबिनमध्ये उकडत होते, म्हणून आम्ही दोघे मित्र वरच पथारी टाकून पडलो होतो. समोर पणजीच्या बाजूला कॅसिनोंच्या जहाजांचे दिवे पाण्यात हलत होते. एवढ्या वर्षांत कोणाला न सांगितलेली ही गोष्ट आम्ही त्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पाणी मोजावंच लागतं रे. त्यात पाप नाही. मोजणाऱ्यानं आपला पेला मात्र शेवटी भरायचा.”

सकाळी लक्षात आले, की आदल्या दिवशी टाकी रिकामी झाल्यापासून नवराबायको दोघांनीही अंघोळ केली नव्हती. आमचे दोन-दोन तांबे मात्र भरून ठेवलेले होते.

येत्या पौषात ती दोघे सुरतेला आमच्याकडे येणार आहेत. सौ.ने परवा माळ्यावरून तो पितळी हंडा काढला, चिंचेने घासून लख्ख केला आणि ओट्यावर सर्वांच्या हाताला येईल असा ठेवला. त्याविषयी आम्ही दोघे एक शब्दही बोललो नाही.