हजार रुपयांतल्या दोन सुऱ्या

लेक नोकरीसाठी पुण्यात भाड्याच्या घरात राहायला गेली, तेव्हा तिच्या चाकू-सुऱ्यांसाठी मी हजार रुपये बाजूला काढले. तिला लाकडी ठोकळ्यात खोचलेला सहा सुऱ्यांचा संच आवडला होता. मी नको म्हटलं. रोजच्या भाजीला त्यातल्या दोनच हाताला येतात, आणि एवढ्या पैशात सहा पाती बसवायची म्हटल्यावर पोलाद हलकंच असणार.

आम्ही रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलो. सुरी घेताना मी आधी मूठ बघते. पातं मुठीत शिरतं तिथे फट असेल तर पाणी मुरतं आणि पुढे पातं डुगडुगायला लागतं. रिबिटांवरून अंगठा फिरवला तर काही टोचता कामा नये. मग धार वर करून उजेडात धरायची. बोथट जागा चमकते, चांगली धार दिसतच नाही. पातं जाड असेल तर गाजर चिरलं जात नाही, फुटतं.

“काकू, ही लोखंडी घ्या, धार बघा हिची,” दुकानदार म्हणाला. त्याचं खरंच होतं. अशा पात्याला धार पटकन येते. माझी विळीही तसलीच आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. पण कैरी, लिंबू, कांदा चिरून ते लगेच धुऊन पुसलं नाही तर काळं पडतं, गंजतं. सकाळी डबा भरून धावत बस पकडणाऱ्या मुलीला स्टेनलेसच बरं. फक्त ते भांड्यांचं स्टील नको. त्यात कार्बन कमी असतो, धार टिकत नाही. पाकिटावर पोलादाचा प्रकार छापलेला असेल तर वाचावा. १.४११६ या जर्मन पोलादात साधारण अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असतं. घरगुती सुरीला ते पुष्कळ झालं.

एक सहा इंची, रुंद पात्याची सुरी घेतली आणि टोमॅटोसाठी एक छोटी, दातेरी. उरलेल्या पैशात सुतार वापरतात तो दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड घेतला. खरी खरेदी ती. घरी येऊन लेकीला पाजवायला शिकवलं: दगड ओला करायचा, पातं १५ ते २० अंशांत कलतं धरायचं आणि पलीकडच्या कडेला बोटाला खरखर लागेपर्यंत एकच बाजू घासायची. मग दुसरी. दातेरी सुरी मात्र या दगडावर घासायची नाही.

“आणि अगं, ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरू नकोस,” मी तिला बजावलं. ग्रॅनाइटवर धार बघता बघता जाते. लाकडी पाट घ्या. दगड हाताशी नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं चारदोनदा ओढून बघा. त्या दिवसाची भाजी नक्की निभावते.