बंधांचे गणित

सेवानिवृत्तीनंतर आपल्याला ठाऊक नसलेले काही सांगणारे माणूस दुर्मिळ होते. आमच्या सुदैवाने ते घरातच लाभले. आमची पुतणी रेणूंवर संशोधन करते. तिची प्रयोगशाळा म्हणजे एक संगणक, हे कळले तेव्हा आम्ही हसलो. कागदावरचा रस्ता आणि जमिनीवरचा रस्ता यांतील अंतर आम्ही शासकीय सेवेत पुरेपूर पाहिले होते!

तिचा विषय क्वांटम डॉट. काही नॅनोमीटर व्यासाचा हा स्फटिककण लहान असला तर निळसर प्रकाश देतो, मोठा असला तर तांबडा. त्याच्या शोधासाठी व निर्मितीसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव यांना 2023 चे नोबेल मिळाले. कण कॅडमियम सेलेनाइडचा, वर झिंक सल्फाइडचे कवच. त्या कवचाच्या जस्ताला प्रथिनातील हिस्टिडीन किंवा गंधकयुक्त टोक धरून ठेवते. मग ते प्रथिन जिथे जाईल तिथे दिवाही जातो.

ही पकड किती घट्ट, हे ती मोजते. जोडलेल्या अवस्थेची ऊर्जा आणि सुट्या घटकांची ऊर्जा यांतील फरक काढायचा. हजारो अणूंचे पुंजगणित संगणकालाही पेलत नाही. म्हणून संपर्काच्या जागेपुरते ते करायचे, उरलेल्यांना साधे यांत्रिक नियम लावायचे. या संमिश्र पद्धतीचा पाया घालणाऱ्या कारप्लस, लेविट व वॉर्शेल यांना 2013 चे नोबेल मिळाले होते.

तिचे वडील, आमचे धाकटे बंधू, 2009 साली कर्करोगाने गेले. निदानच उशिरा झाले. एकदा आम्ही न राहवून विचारले, "हे दिवे तेव्हा असते तर?"

ती क्षणभर थांबली. "काका, हे कण माणसाच्या शरीरात सोडण्याइतके सुरक्षित नाहीत. आवरण निसटले, तर विषारी कॅडमियम बाहेर येऊ शकते. ते कुठे निसटेल, तेच तर शोधते आहे."

आम्ही निरुत्तर झालो. अनुकूल उत्तराची सर्वाधिक ओढ जिला असावी, तीच ते द्यायला तयार नव्हती. आमच्या सेवेत आम्ही किती फायलींवर 'हरकत नाही' असा शेरा सहज मारला, ते त्या क्षणी आठवले.

परवा मध्यरात्री तिचे गणित फसले. भोवतालचे पाण्याचे रेणू कमी धरले होते म्हणे. तिने ते पुन्हा पहिल्यापासून लावले. आम्ही उठून चहाचे आधण ठेवले.