थेंब खाली, गळती वर

पेणहून गोव्याच्या रस्त्याला लागलात, की वडखळ, नागोठणे, वाकण फाटा असे एकेक गाव मागे पडते. मग सुकेळी खिंड लागते. खिंड उतरताच दोन्ही बाजूंना भाताची खाचरे दिसू लागतात आणि कोलाडच्या अलीकडे खांब येते. तालुका रोहा. पौषात गेलात तर भात निघालेल्या खाचरांत वाल उभा असतो. संध्याकाळी कुठे तरी पोपटीचे मडके लागलेले असते आणि भांबुर्डीच्या पाल्याचा वास रस्त्यापर्यंत येतो.

याच गावी आमची जुनी फियाट चहासाठी थांबली. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. १९७४ साली गाडीचे नाव पद्मिनी झाले, तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली. घरी मात्र वडिलांची आठवण म्हणून आम्ही ती सांभाळली आहे.

चहा पिऊन पाहतो तो गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग! ही गळती जुनीच. एका गॅरेजात इंजिनाखालच्या चेंबरचे पॅकिंग दोनदा बदलून घेतले होते. पैसे गेले, थेंब राहिला.

शेजारी बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने डाग पाहिला. पाण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन त्यांनी जन्मभर चालवलेले. ते म्हणाले, "थेंब पडतो तिथं गळत नाय. तेल वरनं येतं. आधी पुसून घ्या, मग शोधा."

तुमच्या दारात ट्रॅक्टर असो की विहिरीवर इंजिन, हे वाक्य ध्यानात ठेवा. तेल उताराने खाली येते, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि सर्वांत खालच्या टोकाला लोंबते. आपण त्या टोकालाच दोष देतो.

इंजिन थंड होऊ दिले. सपाट जागी तेलाची पट्टी पाहिली, तर तेल खालच्या खुणेला टेकले होते. थोडे तेल घातले. मग डिझेलात भिजवलेल्या फडक्याने इंजिन वरपासून खालपर्यंत पुसले, कोरड्या फडक्याने सुकवले. संशयाच्या सांध्यांवर दुकानातली साधी पावडर भुरभुरली. इंजिन दहा मिनिटे चालू ठेवून बंद केले.

चेंबरचा सांधा कोरडा होता! ओली रेघ निघाली ती अगदी वरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. आतले कॉर्कचे पॅकिंग उष्णतेने वाळून कडक झाले होते. नट हलक्या हाताने, दोन्हीकडे सारखे आवळले आणि वाटेत पुन्हा पट्टी पाहत महाड गाठले. घरी येऊन सांध्याच्या दोन्ही बाजू खरवडून स्वच्छ केल्या आणि नवे कॉर्क बसवले. खर्च चेंबरच्या कामाच्या मानाने किरकोळ.

इथे दोन चुका टाळा. एक, गळते म्हणून नट जोर लावून आवळू नका. पत्र्याचे झाकण वाकते आणि गळती वाढते. दुसरी, इंजिनाचा श्वास सोडणारी नळी साफ करायला विसरू नका. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच इंजिनाच्या पोटात उतरतो. त्याला वाट मिळाली नाही, तर तो सांध्यांतून तेल बाहेर ढकलतो. आमची नळी काजळीने निम्मी बुजली होती. ती तशीच राहिली असती, तर नवे पॅकिंगही टिकले नसते.

थेंब लहान म्हणून दुर्लक्ष करू नका. तेल कमी पडले, की बेअरिंग कोरडी घासतात, इंजिन जाम होते आणि ऐन लावणीत काम अडते. तापलेल्या धुराच्या नळीवर तेल ठिबकत असेल तर आगीचेही भय. आणि पुसलेली तेलकट फडकी विहिरीजवळ किंवा पाटात टाकू नका.

आता त्या वाटेने जाताना आम्ही खांबला थांबतोच. चहा होतो, आणि निघताना गाडीखाली वाकून पाहायची सवय सुटलेली नाही. जमीन कोरडी असते.