मोठेपणची कुंची

मूल जन्मास येऊन बारा दिवस होतात न होतात तोच आमच्या घरांतून त्याच्या डोक्यावर कुंची चढते. डोके, कान व पाठ ही एकाच वस्त्राने झाकावीत आणि हनुवटीखाली बंद बांधून वाऱ्यास मज्जाव करावा, एवढीच या वस्त्राची युक्ती. पुढे मूल चालू लागले की कुंची ट्रंकेच्या तळाशी जाते आणि मोठेपणी तिची आठवणही कोणास राहत नाही. निदान गेल्या वर्षापर्यंत आमची अशीच समजूत होती. गेल्या वर्षी आमची कन्या शिक्षणासाठी रुरकीस निघाली आणि सामानाच्या यादीत तिने अगदी वर ‘जाड हूडी’ असे लिहिले. तिने दाखविलेले चित्र चष्मा लावून न्याहाळीत आमच्या मातोश्री म्हणाल्या, “अगंबाई, ही तर कुंचीच! बाह्या तेवढ्या जास्त आहेत.”

आम्ही पडलो रत्नागिरीचे. आमची थंडी म्हणजे पौषातल्या पहाटे पायांवर ओढून घेतलेली एक गोधडी. अशा माणसांनी उत्तरेकडील थंडीचे वस्त्र पारखावे, तेही बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत असताना, हा प्रकार पोहता न येणाऱ्याने होडी विकत घेण्यासारखाच होता. आम्ही प्रथम घरातले घोंगडे पुढे केले. घाटावरचे धनगर त्याचीच खोळ करून डोक्यावरून घेतात आणि पावसापाण्यात मेंढरांमागे दिवस काढतात, हे आम्ही कन्येस मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने ते गालास लावून पाहिले व “बाबा, हे टोचतं हो,” एवढेच म्हटले. शेवटी संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या शेकडो हूड्यांतून जी सर्वांत फुगीर दिसली, ती आम्ही मागविली. जाड ते उबदार, हा आमचा सिद्धान्त होता.

डिसेंबरच्या सुट्टीत कन्या परतली तेव्हा त्या सिद्धान्ताची दशा तिच्या अंगावरच दिसत होती. कोपरांवर व कुशीला बारीक गोळे आले होते, मनगटाच्या पट्ट्या सैल पडून हातांवर लोंबत होत्या आणि टोपी मान टाकलेल्या फुलासारखी पाठीवर पडून होती. मातोश्रींनी काही न बोलता ते वस्त्र उलटे केले. आतली लव जागोजाग झडून जाळीसारखी पोत दिसत होती. “तू हे बाहेरून पाहून घेतलंस होय रे?” त्यांनी आम्हांस विचारले. “थंडीचं वस्त्र आतून पाहायचं असतं. अंगाला आतली बाजू लागते.” त्या रात्री कन्येने सहज बोलता बोलता सांगितले की, कडाक्याच्या थंडीत ती दोन दोन कुडते घालून, वर ती हूडी चढवून अभ्यासास बसत असे. हे तिने आम्हांस दूरध्वनीवर कधीच कळविले नव्हते. घेतलेली वस्तू वाईट निघाली असे कळले तर बाबांना वाईट वाटेल, म्हणून. हे ऐकून आम्हांस जे वाटले, ते वस्तू वाईट निघाल्याच्या खेदाहून निराळे होते.

मग आम्ही या विषयाच्या मागे लागलो. पहिली गोष्ट कळली ती अशी की, कोणतेही वस्त्र ऊब देत नाही. ऊब शरीराची असते; वस्त्र तिला फक्त जाऊ देत नाही. आणि तिला अडविते तेही सूत नव्हे, तर सुतात कोंडलेली निश्चल हवा. म्हणून जाड हूडीच्या कापडाची आतली बाजू तारांच्या ब्रशाने पिंजून तिच्यावर लव काढतात. त्या लवेत हवा अडकून राहते. परंतु पिंजणे म्हणजे धाग्यातून तंतू ओढून काढणे. जितके पिंजावे तितका धागा दुबळा होतो आणि धुण्यागणिक लव झडते. न पिंजता आत फासे तसेच ठेवलेले कापड अधिक टिकते, पण ऊब कमी राखते. ऊब आणि टिकाऊपणा या दोघी अशा सख्ख्या जावा आहेत. एकीचे मन राखावे तर दुसरी रुसते. त्यांचा समेट घडविण्याचा उपाय एकच : मुळात कापडच भरघोस व घट्ट विणीचे घ्यावे, म्हणजे पिंजून झाल्यावरही धाग्यात जीव उरतो.

हा भरघोसपणा डोळ्यांना फसवितो, म्हणून तो तोलून सांगतात. एका चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, ते त्याचे माप. साधा टी-शर्ट १५० ते १८० ग्रॅमांच्या कापडाचा असतो, बेताची हूडी २५० ते ३०० ग्रॅमांची, आणि जिला खरोखर जाड म्हणावे ती ४०० ग्रॅमांच्या आसपास. अमेरिकेत हेच वजन चौरस यार्डास औंसांत सांगतात. तेथील १२ औंस म्हणजे आपले सुमारे ४०० ग्रॅम. आमची पहिली हूडी फुगीर होती खरी, परंतु तो फुगारा लवेचा होता, विणीचा नव्हता.

अमेरिकेचा उल्लेख केला तो उगाच नव्हे. हे वस्त्र तिकडचेच. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, जेथे हिवाळा महिनोन्महिने हलत नाही, तेथील रॉचेस्टर गावच्या चॅम्पियन नावाच्या कारखान्याने १९३०च्या दशकात बर्फाच्या कोठारांत राबणाऱ्या मजुरांसाठी जाड बनियनास टोपी जोडली, असे सांगतात. धुतल्यावर असली बनियने उंचीत आटत. त्यावर याच कारखान्याने कापड आडवे फिरवून बेतण्याची तोड काढली व १९३८ साली तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. आज तरुणांची चैन म्हणून आपण ज्याकडे पाहतो, ते वस्त्र म्हणजे एके काळी श्रमिकाची खोळच होती. धनगराचे घोंगडे आणि कन्येची हूडी यांत आम्ही जे वैर कल्पिले होते, ते मुळात नव्हतेच.

सुट्टी संपताना कन्येस गाडीत बसविण्यासाठी आम्ही तिघे पुण्यास गेलो आणि मातोश्रींना घेऊन एका दुकानात शिरलो. त्यांनी मांडलेली परीक्षा पाहून दुकानदार आरंभी हसला, पण पुढे तोच एकेक वस्त्र उलटे करून त्यांच्यापुढे ठेवू लागला. मनगटाची पट्टी ताणून सोडली की ती लगेच मूळ जागी येते की नाही; टोपी दुपदरी आहे की एकपदरी; खिशाच्या कोपऱ्यांवर आडवे पक्के टाके आहेत की नाहीत; खांद्याची शिवण दुहेरी आहे काय. पुढून उघडणारी साखळी कन्येस नको होती, व ते आम्हांसही पटले. तिच्या दातांतून वारा शिरतो आणि वस्त्र शाबूत असताना प्रथम तीच दगा देते. निव्वळ सुताची एक फार सुरेख हूडी होती, परंतु कन्या म्हणाली, “आजी, तिकडे धुकं पडलं की चार चार दिवस ऊन नसतं. ही वाळणार कधी?” भिजलेले सूत ऊब राखीत नाही, हे आम्ही वाचले होते, ते लवकर वाळतही नाही, हे ती भोगून आली होती. तेव्हा बहुतांश सूत व थोडा पॉलिएस्टर अशा मिश्रणाची, जेमतेम पिंजलेली, ४०० ग्रॅमांची एक करडी हूडी ठरली.

मापाचा वाद तेवढा उरला. मातोश्रींचा आग्रह, एक माप मोठे घ्यावे. “वाढत्या अंगाची असू दे.” अठरा वर्षांच्या मुलीचे अंग आता किती वाढणार, असे म्हणून आम्ही हसलो. परंतु शास्त्र त्यांच्याच बाजूचे निघाले. वस्त्र अंगास आवळून बसले की आतील हवा दबते आणि खालून लोकरीचा पातळ सदरा घालण्यास जागा उरत नाही. मातोश्रींचे दुसरे मत मात्र शास्त्राने अर्धेच मानले आहे. थंडी डोक्यातूनच शिरते असे त्या म्हणतात. वस्तुतः शरीराच्या उष्णतेपैकी सुमारे दशांशच डोक्यावाटे जाते. पण बाकी सारे अंग झाकलेले असता उघड्या राहिलेल्या कानांना व मानेला हा हिशेब कोण समजावणार?

जानेवारीत एका रात्री पडद्यावर कन्येचे दर्शन झाले. खिडकीबाहेर धुके होते. उन्हाळ्याचा विचार करून बांधलेल्या त्या खोलीत शेगडी नव्हती. अंथरुणावर घोंगडे पसरलेले दिसले. टोचणारे वस्त्र चादरीखाली चालते, असा तोडगा तिने काढला होता. टोपी डोक्यावर होती व नाड्या हनुवटीखाली बांधलेल्या होत्या. “थंडी वाजते का गं?” असे आम्ही विचारले. या खेपेस ती क्षणभर थांबली व म्हणाली, “पायांना वाजते, बाबा. मोजे पाठवा.” खरे उत्तर मिळाल्याचा आम्हांस जो आनंद झाला, तो हूडी उत्तम निघाल्याच्या आनंदाहून मोठा होता. मातोश्री पडद्याजवळ सरकून बराच वेळ त्या नाड्यांकडे पाहत होत्या. “गाठ सैल बांधलीय हिनं,” त्या पुटपुटल्या, आणि ती सारखी करण्यासाठी त्यांचा हात नकळत पुढे झाला.